समुद्रतळावरच्या पाइपलाइनचं कोटिंग किती बिघडेल असं धरायचं? सीपी डिझाइनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रातल्या पाइपलाइनचं कॅथोडिक प्रोटेक्शन, म्हणजे आमच्या बोलण्यातलं सीपी (पोलादाला करंट देऊन त्याचा गंज रोखण्याची पद्धत), डिझाइन करायला बसलं की व्यास, लांबी, पाण्याची खोली, तापमान हे सगळं कुठून ना कुठून मिळतं. एका रकान्याशी मात्र हात थांबतो. पंचवीस-तीस वर्षांनी कोटिंगची काय अवस्था असेल, ते आजच एका आकड्यात, म्हणजे कोटिंग ब्रेकडाउन फॅक्टरमध्ये, लिहायचं असतं. या आकड्यावर अ‍ॅनोड (पोलादाऐवजी स्वतः झिजून करंट देणारे धातूचे ठोकळे) किती टन लागतील ते ठरतं, आणि पाइपलाइन टिकेल की नाही हेही बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं. तरीही हा आकडा अनेकदा आधीच्या प्रोजेक्टच्या शीटमधून जसाच्या तसा उचलला जातो. या कामात नव्याने आलेले इंजिनिअर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

कोटिंग ब्रेकडाउन फॅक्टर नेमकं काय मोजतो?

करंटची मागणी. कोटिंग केलेल्या पृष्ठभागाला संरक्षणासाठी जेवढा करंट लागतो, त्याला तेवढ्याच उघड्या पोलादाला लागणाऱ्या करंटने भागलं की हा फॅक्टर मिळतो. शून्य असेल तर कोटिंग विजेला पूर्ण अडवतं आहे. एक असेल तर कोटिंग असून नसल्यासारखं आहे.

इथे पहिली गफलत होते. ०.०१ म्हणजे एक टक्का पृष्ठभागावरचं कोटिंग निघालं, असा अर्थ घेतला जातो. तसं नाही. डीएनव्ही या तांत्रिक मानकं काढणाऱ्या संस्थेच्या बी-४०१ या शिफारस-पुस्तिकेत याबद्दल स्पष्ट बजावलं आहे: डोळ्यांना दिसणारा बिघाड आणि हा फॅक्टर यांची गल्लत करू नका. फोडांनी भरलेलं कोटिंगसुद्धा करंट चांगलं अडवू शकतं, आणि दिसायला निर्दोष असलेलं कोटिंग बराच करंट जाऊ देऊ शकतं. पाणी आणि ऑक्सिजन कोटिंगमधून किती झिरपतात, कडेने किती आत शिरतात, छिद्रांच्या तळाशी, करंटमुळे पाण्यातून साचणारा चुनखडीचा थर बसला आहे का, या सगळ्याचा एकत्र परिणाम या आकड्यात धरलेला असतो. त्यामुळे व्हिडिओत कोटिंग बघून 'फॅक्टर अमुक असेल' असं कोणी सांगितलं, तर त्या विधानाला आधार नाही.

सूत्रातले ए आणि बी म्हणजे काय?

सूत्र साधं आहे: फॅक्टर = ए + बी × वर्षं. ए ही सुरुवातीची अवस्था, म्हणजे वाहतुकीत, साठवणीत आणि पाइप टाकताना झालेल्या इजेसकट. बी म्हणजे त्यानंतर दरवर्षी होणारी घसरण. डिझाइन आयुष्यभराची सरासरी हवी असेल तर ए + ०.५ × बी × आयुष्य, आणि शेवटच्या वर्षाची अवस्था हवी असेल तर ए + बी × आयुष्य.

कोटिंग खरोखर असं सरळ रेषेत म्हातारं होत नाही. काही कोटिंगं वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहतात आणि मग एखाद्या जागी एकदम सुटतात. सरळ रेष ही हिशेबाची सोय आहे. तिला निसर्गनियम समजलं की चौथ्या दशांश स्थळावरून वाद सुरू होतात, आणि त्या वादाला काही अर्थ नसतो.

सरासरी कुठे वापरायची, शेवटचा आकडा कुठे?

अ‍ॅनोडचं वजन सरासरी मागणीवरून काढतात, कारण आयुष्यभरात एकूण किती विद्युतभार द्यायचा याचा तो हिशेब आहे. अ‍ॅनोडची संख्या आणि अंतर शेवटच्या वर्षाच्या मागणीवरून तपासतात. तेव्हा अ‍ॅनोड झिजून लहान झालेला असतो, त्याचा विरोध वाढलेला असतो, आणि कोटिंगही सगळ्यात वाईट अवस्थेत असतं. दोन्ही तपासण्या स्वतंत्रपणे पास व्हाव्या लागतात. पहिली पास झाली म्हणून दुसरी सोडून दिलेली शीट हाती आली तर ती परत पाठवा.

रंगाचे फॅक्टर आणि पाइपलाइन कोटिंगचे फॅक्टर यांत एवढी तफावत का?

आकडे शेजारी ठेवले तर नवखा माणूस चक्रावतो. बी-४०१ मध्ये सगळ्यात चांगल्या, म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या मरीन पेंटसाठी ए ०.०२ आहे. बी ३० मीटरपर्यंतच्या खोलीत ०.०१२ आणि त्याखाली ०.००८. उलट पाइपलाइनसाठीच्या डीएनव्ही एफ-१०३ मध्ये थ्री-लेयर पॉलिएथिलीनसाठी ए ०.००१ आणि बी ०.००००३.

पंचवीस वर्षांचा हिशेब करा. उथळ पाण्यातल्या रंगाचा शेवटचा फॅक्टर ०.३२ येतो. थ्री-लेयरचा येतो ०.००१७५. जवळपास १८० पट फरक.

हा फरक खरा आहे. मरीन पेंट म्हणजे साडेतीनशे मायक्रॉनच्या आसपासची फिल्म, अनेकदा ब्रशने किंवा स्प्रेने, कोपऱ्या-वेल्डांवर मारलेली. थ्री-लेयरमध्ये आत इपॉक्सीचा थर, त्यावर चिकटवणारा थर आणि वर काही मिलिमीटर जाडीचं पॉलिएथिलीन. तेही कारखान्यात, फिरत्या पाइपवर, ठरलेल्या तापमानाला चढवलेलं, आणि मग २५ किलोव्होल्टपर्यंतच्या हॉलिडे टेस्टमधून (छिद्रं शोधणाऱ्या विजेच्या चाचणीतून) इंच न् इंच तपासलेलं. रंगाचा बी खोलीनुसार बदलतो, कारण उथळ पाण्यात लाटा आणि शेवाळ-शिंपल्यांची वाढ रंगाला जास्त सतावतात.

मग थ्री-लेयर असेल तर ०.००१ डोळे झाकून लिहायचं?

अजिबात नाही. एफ-१०३ मधले आकडे एका अटीवर दिलेले आहेत. पाइपवरचं कोटिंग एफ-१०६ प्रमाणे आणि फील्ड जॉइंटचं, म्हणजे जागेवर वेल्ड केलेल्या सांध्याचं, कोटिंग एफ-१०२ प्रमाणे केलेलं असेल, तरच ते लागू होतात. या दोन्ही पुस्तिका मुख्यतः गुणवत्ता-तपासणीच्या आहेत. पृष्ठभाग किती स्वच्छ केला, पोलादावर मीठ किती राहिलं, तापमानाची नोंद कोण ठेवतो, नमुना कधी कापून बघायचा, अशा गोष्टी त्यांत आहेत. म्हणजे सीपीवाल्याने टेबलमधून उचललेला आकडा प्रत्यक्षात कोटिंग यार्डातल्या इन्स्पेक्टरच्या भरवशावर उभा असतो.

म्हणून डिझाइन अहवालात फक्त आकडा लिहून भागत नाही. तो कोणत्या स्पेसिफिकेशनशी बांधलेला आहे, तेही लिहायला हवं. यार्डाने पुढे स्पेसिफिकेशन बदललं, स्वस्त पर्याय मंजूर करून घेतला, आणि ते सीपीवाल्याला कोणी कळवलं नाही, तर कागदावरचं डिझाइन एका पाइपलाइनचं आणि समुद्रात टाकलेली पाइपलाइन दुसरीच, असं होतं.

फील्ड जॉइंटची एवढी चर्चा का होते? लांबीने तर ते नगण्य असतात.

या संपूर्ण विषयात सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा हीच आहे. एक उदाहरण अंकांत बघू.

३० इंची पाइपलाइन घ्या, बाहेरचा व्यास ७६२ मिलिमीटर. प्रत्येक पाइप १२.२ मीटरचा. दोन्ही टोकांना वेल्डिंगसाठी कोटिंग सोडलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक सांध्याला ०.४ मीटर फील्ड जॉइंट आणि ११.८ मीटर कारखान्यातलं कोटिंग असं धरू. दोघांचं गुणोत्तर ०.०३४. डिझाइन आयुष्य २५ वर्षं.

पाइपच्या कोटिंगची सरासरी: ०.००१ + ०.५ × ०.००००३ × २५ = ०.००१३७५.

फील्ड जॉइंटचा सरासरी फॅक्टर केवळ उदाहरणापुरता ०.१ धरू. गुणोत्तराने गुणला की ०.००३४. दोन्हींची बेरीज साधारण ०.००४८.

आता वाटा बघा. लांबीत सव्वातीन टक्के असलेला सांधा करंटच्या मागणीतला सत्तर टक्क्यांहून जास्त हिस्सा घेतो. पाइपच्या कोटिंगचा ए थोडा वर-खाली करून तुम्ही जितका वाद घालाल, त्याच्या कितीतरी पट फरक सांध्याच्या एका आकड्याने पडतो. सांध्याचा फॅक्टर ०.१ ऐवजी ०.०३ झाला तर एकूण मागणी निम्म्यावर येते. सांधे खराब झाले आणि ०.५ धरावा लागला तर मागणी पावणेचार पट होते.

करंटमध्ये मांडायचं तर वाहिनी (पाइपलाइन) तळावर उघडी आणि आतला द्रव ५० अंशांपर्यंत असेल, तर एफ-१०३ प्रमाणे सरासरी करंट डेन्सिटी (उघड्या पोलादाच्या दर चौरस मीटरला लागणारा करंट) ५० मिलिअँपिअर प्रति चौरस मीटर. एका किलोमीटरला लागतो अर्ध्या अँपिअरहून थोडा जास्त करंट. २५ वर्षांसाठी, अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅनोडची क्षमता किलोमागे २००० अँपिअर-तास आणि ब्रेसलेटचा (पाइपभोवती कड्यासारख्या बसवलेल्या अ‍ॅनोडचा) वापर-गुणांक, म्हणजे त्याचा प्रत्यक्ष वापरता येणारा हिस्सा, ०.८ धरला, तर किलोमीटरमागे पाऊणशे किलोच्या आसपास अ‍ॅनोड. एवढंच. प्रत्यक्षात बसवलेलं वजन बहुतेकदा याच्या कितीतरी वर जातं, कारण ब्रेसलेटची जाडी पाइपवर वजनासाठी दिलेल्या काँक्रीटच्या जाडीशी जुळवावी लागते आणि किमान लांबीखाली तो ओतताही येत नाही.

सांध्यावर प्रत्यक्षात काय होतं, की त्याचा फॅक्टर एवढा वर जातो?

एस-ले बार्जची (समुद्रात पाइप टाकणाऱ्या जहाजाची) फायरिंग लाइन, म्हणजे पाइप जोडण्याची रांग, डोळ्यासमोर आणा. वेल्ड झाला, एनडीटी (वेल्डला धक्का न लावता केलेली तपासणी) झाली, पाइप एक स्टेशन पुढे सरकला. आता कोटिंगच्या टोळीकडे काही मिनिटं आहेत. वेल्ड अजून गरम आहे. ब्लास्टिंग करून सांध्याचं पोलाद उजळवायचं, धूळ काढायची, इंडक्शन कॉइल लावून ठरलेल्या तापमानाला आणायचं, इपॉक्सी प्रायमर लावायचा, हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारं आवरण) गुंडाळायची, टॉर्चने मधून कडेकडे आकसत न्यायची आणि रोलर फिरवून आतली हवा बाहेर ढकलायची. तेवढ्यात मागचा सांधा वेल्ड होऊन तयार असतो. पाइप पुढे सरकला की संधी गेली. त्यानंतर सांध्याभोवतीची पोकळी काँक्रीटच्या पातळीपर्यंत फोमने भरतात आणि पाइप स्टिंगरवरून (बार्जच्या मागच्या उतरत्या आधारावरून) पाण्यात उतरतो.

कारखान्यात जे काम तासन्‌तास एकाच स्थिर तापमानाला चालतं, ते इथे खारट वाऱ्यात, घामाने भिजलेल्या हातांनी करायचं असतं. स्लीव्हच्या कडेखाली हवेचा एक पट्टा राहिला, किंवा उजळवलेल्या पोलादावर समुद्राच्या तुषारांचं मीठ बसलं, तर बिघाडाची सुरुवात तिथूनच होते. सांध्याचा फॅक्टर ठरवताना स्लीव्हच्या ब्रँडपेक्षा टोळीचं क्वालिफिकेशन आणि बार्जवर पहिल्या काही सांध्यांची केलेली पील टेस्ट (कोटिंग ओढून चिकटपणा बघणारी) यांवर माझा जास्त विश्वास आहे.

आणखी एक बाब पाइप बार्जवर पोहोचण्याआधीच घडते. दमट किनाऱ्यावर यार्डात महिनोन्‌महिने उन्हात पडलेल्या पाइपांच्या कटबॅकवर (टोकाला कोटिंग सोडलेल्या भागाशी) पॉलिएथिलीनची कड वर उचलली जाते. म्हणून कडेपलीकडे इपॉक्सीचा एक पट्टा मुद्दाम उघडा ठेवायला लावतात. साठवण लांबली असेल तर बार्जवर पाठवण्यापूर्वी टोकं तपासा आणि उचललेला भाग कापून काढा.

सुरक्षित बाजूला राहायचं म्हणून फॅक्टर वाढवून धरला तर काय बिघडतं?

वरच्या उदाहरणात सरासरी फॅक्टर ०.०५ धरला तर मागणी दहा पटीहून जास्त होते. अ‍ॅनोडचं वजन, बसवण्याचा खर्च, टाकताना अडकण्याच्या जागा, सगळं वाढतं. ब्रेसलेट हा पाइपवरचा एक उंचवटा असतो आणि त्याच्या दोन्ही कडांना कोटिंग दुखावण्याची शक्यता असते. म्हणजे जास्त अ‍ॅनोड लावून आपण कोटिंगच्या इजेच्या जागाही वाढवतो.

यापेक्षा मोठं नुकसान वेगळं आहे. फॅक्टर फुगवला की सांध्यांची गुणवत्ता कोणी विचारत नाही. 'अ‍ॅनोड भरपूर आहेत' या समाधानात बार्जवरच्या तपासणीचा माणूस कमी केला जातो. अ‍ॅनोडच्या पैशातून दोन जास्तीचे कोटिंग इन्स्पेक्टर ठेवणं मला नेहमी अधिक शहाणपणाचं वाटलं आहे.

तेरा टक्के क्रोम किंवा ड्युप्लेक्स स्टेनलेसच्या वाहिन्यांत हायड्रोजनमुळे तडे जाण्याचा धोका असतो. पण अ‍ॅनोडची संख्या वाढवल्याने तो धोका वाढतो, असं समजू नका. अ‍ॅल्युमिनियम अ‍ॅनोडला जोडलेली चांगल्या कोटिंगची पाइपलाइन तसंही उणे १.० व्होल्टच्या खाली जातेच. तिथे उपाय कोटिंग, वेल्डची रचना आणि ताणाच्या मर्यादा यांत शोधावा लागतो.

गाळात पुरलेल्या वाहिनीला वेगळा फॅक्टर लावायचा का?

फॅक्टर तोच राहतो, बदलते ती करंट डेन्सिटी. पूर्ण पुरलेल्या वाहिनीसाठी ५० अंशांपर्यंत २० मिलिअँपिअर प्रति चौरस मीटर, कारण गाळात ऑक्सिजन कमी पोहोचतो. पण अ‍ॅनोडही गाळातच असतो. त्याची क्षमता किलोमागे १५०० अँपिअर-तास धरावी लागते, आणि त्याचं पोटेन्शियल उणे ०.९५ व्होल्ट. समुद्राच्या पाण्यात ते उणे १.०५ असतं. संरक्षणाची पातळी संदर्भासाठी वापरायच्या सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ०.८० व्होल्ट आहे, म्हणजे करंट ढकलणारा दाब पाव व्होल्टवरून ०.१५ व्होल्टवर येतो. गाळाचा विरोधही पाण्याच्या कित्येक पट असतो. म्हणून पुरलेल्या वाहिनीत वजन कमी पडत नाही, अ‍ॅनोडची करंट देण्याची ताकद कमी पडते.

गरम वाहिनीत काय बदलतं?

दोन्ही बाजूंनी मार बसतो. एफ-१०३ मध्ये ५० ते ८० अंशांसाठी उघड्या वाहिनीची डेन्सिटी ६० मिलिअँपिअर, ८० ते १२० अंशांसाठी ७०. आणि कोटिंगची तापमान-मर्यादा ओलांडली तर टेबलमधला ए-बी तुमच्या वाहिनीला लागूच होत नाही. आयएसओ २१८०९-१ मध्ये उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनची वरची मर्यादा ८० अंश आणि पॉलिप्रोपिलीनची ११० अंश आहे. विहिरीजवळचे पहिले काही किलोमीटर आणि लांबचा थंड भाग यांना एकच फॅक्टर लावलेला दिसला, तर थांबून प्रश्न विचारा. पाइपचं कोटिंग ११० अंशांचं आणि सांध्याची स्लीव्ह ६५ अंशांची, अशी जोडीही कधीकधी कागदावर निसटून जाते.

काँक्रीट वेट कोटिंगचा फायदा धरायचा का?

काँक्रीट यांत्रिक इजेपासून वाचवतं आणि ऑक्सिजनची वाट लांबवतं, हे खरं. ते गृहीत धरूनच टेबलमध्ये काही कोटिंगांना काँक्रीटसह आणि काँक्रीटविना असे वेगळे आकडे दिले आहेत. काँक्रीटचा फायदा त्यापलीकडे स्वतंत्रपणे वजा करू नका, नाहीतर एकच फायदा दोनदा धरला जाईल.

धोका आहे तो आतल्या लोखंडी जाळीचा. ती पाइपला किंवा अ‍ॅनोडला कुठेही टेकता कामा नये. टेकली तर ती फुकटात करंट खात बसते आणि अ‍ॅनोड वेळेआधी संपतो. फॅक्टर कितीही जपून निवडलेला असला तरी यातून वाचवत नाही. यार्डात प्रत्येक ब्रेसलेट बसवल्यावर जाळी आणि अ‍ॅनोड यांच्यात मीटर लावून बघणं हाच उपाय.

प्लॅटफॉर्म आणि व्हॉल्व्ह-स्ट्रक्चरचं काय?

पाइपलाइनच्या कोटिंगवर आठवडाभर चर्चा होते आणि टोकाला लटकलेल्या स्ट्रक्चरचा उल्लेख अहवालात एका ओळीत असतो. हिशेब करून बघा. समुद्रतळावर २०० चौरस मीटर रंगवलेलं व्हॉल्व्ह-स्ट्रक्चर, तिसऱ्या वर्गाचा रंग, ३० मीटरहून जास्त खोली, २५ वर्षं: सरासरी फॅक्टर ०.१२. आपल्याकडच्यासारख्या उष्ण पाण्यात ३० ते १०० मीटर खोलीसाठी बी-४०१ ची सरासरी डेन्सिटी ६० मिलिअँपिअर. करंट येतो १.४४ अँपिअर, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या सुमारे अडीच किलोमीटर पाइपलाइनइतका. त्याला स्वतःचे अ‍ॅनोड नसतील तर ते पाइपलाइनच्या शेवटच्या ब्रेसलेटांवर ताव मारणार.

प्लॅटफॉर्मचं जॅकेट (आधाराचा पोलादी सांगाडा) तर पाण्याखाली अनेकदा कोटिंगविनाच असतं. राइझर (तळावरून प्लॅटफॉर्मवर चढणारा पाइप) जॅकेटला विजेने जोडलेला असेल आणि जॅकेटचे अ‍ॅनोड थकलेले असतील, तर करंट पाइपलाइनकडून जॅकेटकडे वाहतो. दोन मार्ग आहेत: इन्सुलेटिंग जॉइंट (वीज अडवणारा सांधा) घालून तोडायचं, नाहीतर जोडलेलं धरून टोकाला जादा अ‍ॅनोड द्यायचे. 'तोडलं आहे' असं धरलं असेल तर क्लॅम्प, गाइड, इन्स्ट्रुमेंट केबलचं चिलखत यांतून ते परत जोडलं गेलेलं नाही ना, हे कमिशनिंगच्या वेळी मोजून बघा.

स्प्लॅश झोनला हाच फॅक्टर चालतो का?

नाही. जो भाग कधी पाण्यात, कधी हवेत असतो, तिथे सीपी सतत पोहोचतच नाही. तिथला बचाव जाड रबर कोटिंग किंवा तत्सम आवरण आणि जाडीतली गंज-सूट यांवर असतो.

अ‍ॅनोडमधलं अंतर किती ठेवावं?

३०० मीटरपर्यंत साधा हिशेब पुरतो. त्यापुढे गेलात तर पाइपच्या धातूतून करंट वाहताना होणारा व्होल्टेजचा उतार मोजावा लागतो, आणि तिथे शेवटच्या वर्षाचा फॅक्टर राजा असतो. चांगल्या कोटिंगच्या वाहिनीत, दोन टोकांना तळावर ठेवलेल्या चौकटींवरच (स्लेडवर) सगळे अ‍ॅनोड ठेवून मधला बराच पट्टा राखता येतो. ही रचना मोहक आहे. पण तीत सांध्यांच्या फॅक्टरमधली चूक सर्वांत दूरच्या बिंदूवर जाऊन बसते, म्हणून सांध्यांबद्दल ठोस पुरावा नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

कॅथोडिक डिसबॉन्डमेंट टेस्टच्या निकालातून बी काढता येतो का?

काढू नका. टेस्टमध्ये मुद्दाम एक छिद्र पाडून २८ दिवसांत कोटिंग किती मिलिमीटर सुटलं ते बघतात. छिद्राशी ऑक्सिजनपासून हायड्रॉक्साइड तयार होतं आणि त्या अल्कलीने चिकटपणा सुटतो. दोन कोटिंगांची तुलना करायला, बॅच नापास करायला ही टेस्ट उत्तम. तिच्या मिलिमीटरचं वर्षांत रूपांतर करण्याचं विश्वासार्ह सूत्र मात्र नाही.

जाता जाता एक सांगायला हवं. जाड पॉलिएथिलीन सुटून पोलादापासून अंतरावर उभं राहिलं, तर त्याच्या आत करंट पोहोचायला अडचण येते. अशा जागी पोटेन्शियल बाहेरून ठीक दिसतं, मागणीही वाढत नाही, आणि तरी आत गंज चालू असू शकतो. कमी फॅक्टर म्हणजे सगळं कुशल, असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. याचा शोध आतून इंटेलिजंट पिग (पाइपमधून जाणारं तपासणी-यंत्र) फिरवूनच लागतो.

मुंबई हायच्या पाण्यात वेगळं काही धरावं लागतं का?

मुंबई हाय हे क्षेत्र १९७४ मध्ये सापडलं. ते मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर आहे आणि तिथली खोली ७५ मीटरच्या आसपास. तिथून उरणला आणि वसई क्षेत्रातून हजीऱ्याला समुद्राखालून वाहिन्या येतात. पाणी वर्षभर उबदार आणि खारं, म्हणजे विरोध कमी आणि अ‍ॅनोडला करंट देणं सोपं. उबदार पाण्यात चुनखडीचा थरही पटकन बसतो, आणि तो थर उघड्या जागेची भूक कमी करतो.

अडचण आहे ती ऋतूची. पाइप टाकायचं काम पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांत उरकायचं असतं. हंगाम हातचा निसटतो आहे असं दिसलं की सांध्यांवरचा वेळ कापला जातो. कोटिंग केलेले पाइप एक पावसाळा यार्डात काढतात, तेव्हा कडा उचलण्याचा वर सांगितलेला प्रकार होतो. किनाऱ्याजवळ गढूळ, भरती-ओहोटीने हलणारा गाळ आहे: आज पुरलेली वाहिनी उद्या उघडी पडते आणि परत पुरली जाते. तिथे मागणीसाठी उघड्या वाहिनीची डेन्सिटी आणि अ‍ॅनोडसाठी गाळातली क्षमता, अशी दोन्हींतली वाईट बाजू धरणं योग्य.

खरा फॅक्टर मोजता येतो का?

थेट नाही, पण उलट हिशेबाने बराच जवळ जाता येतं. आरओव्हीवर (पाण्याखालच्या दूरनियंत्रित यंत्रावर) दोन इलेक्ट्रोडचा प्रोब बसवून अ‍ॅनोडजवळचा फील्ड ग्रेडियंट (पाण्यातला व्होल्टेजचा उतार) घेतात, त्यावरून अ‍ॅनोड किती करंट देतो आहे ते काढतात. मधल्या पट्ट्याच्या क्षेत्रफळाने आणि डिझाइन डेन्सिटीने भागलं की त्या पट्ट्याचा प्रत्यक्ष फॅक्टर मिळतो. सोबत काही अ‍ॅनोडवर प्रोब टेकवून खरं पोटेन्शियल घेतलं पाहिजे, नाहीतर ग्रेडियंटला पाया राहत नाही. पुरलेल्या वाहिनीत संकेत क्षीण असतो, तिथे निकाल जपून वाचावा.

थ्री-लेयरच्या वाहिन्यांत असे निकाल सहसा डिझाइनपेक्षा बरेच खाली येतात. सगळीकडे कमी आणि एकाच अ‍ॅनोडवर जास्त करंट दिसला, तर सरासरी काढून समाधान मानू नका. तिथे नांगर घासला असेल, सांधा उघडला असेल किंवा जाळी टेकली असेल.

आयुष्य वाढवायचं असेल तर पुन्हा टेबलपासून सुरुवात करायची का?

टेबल नव्या वाहिनीसाठी असतं. २५ वर्षं पाण्यात काढलेल्या वाहिनीकडे स्वतःचा पुरावा असतो. अ‍ॅनोड किती झिजले हे मोजा, त्यातून आजवर वाहिलेला एकूण विद्युतभार काढा आणि सरासरी फॅक्टर मिळवा. ग्रेडियंट सर्व्हेतून आजचा फॅक्टर मिळतो. दोन्ही हातात असतील तर तुमच्या वाहिनीचे खरे ए आणि बी निघतात, आणि पुढच्या वर्षांचा अंदाज त्यांवर बांधता येतो. एकच सर्व्हे असेल तर बी काढता येत नाही, फक्त आजची स्थिती कळते. म्हणूनच पहिला सर्व्हे वाहिनी टाकल्यावर वर्षभरात करून ठेवणं इतकं मोलाचं असतं.

ज्यांना पुढे हा हिशेब करायचा आहे त्यांच्यासाठी डिझाइन अहवालात या गोष्टी सापडायला हव्यात: पाइप आणि सांधा यांचे वेगवेगळे ए-बी आणि ते कोणत्या आवृत्तीतून घेतले, कटबॅकची प्रत्यक्ष लांबी, दुरुस्त केलेल्या सांध्यांचे क्रमांक, प्रत्येक ब्रेसलेटचं मूळ वजन आणि किलोमीटर-पोस्ट (वाहिनीवरचं त्याचं ठिकाण), आणि इन्सुलेटिंग जॉइंट आहे की नाही याचं एक स्पष्ट वाक्य.